युरोपात रेल्वे पासवर फिरताना गाडी रद्द झाली किंवा वेळापत्रक बदलले, तर काय करावे?

अंत्रुजची लेक (फोंडा)

नमस्कार. येत्या डिसेंबरात मी, माझे यजमान आणि सासूबाई (वय ६७) असे तिघे जण युरोपात रेल्वेने फिरण्याचा बेत करत आहोत. आतेभाऊ लिस्बनला राहतो म्हणून सुरुवात तेथून होईल आणि परतीचे विमान रोमहून असल्यामुळे शेवट तेथे होईल. मधला मार्ग लिस्बन–माद्रिद, माद्रिद–बार्सिलोना, बार्सिलोना–पॅरिस, पॅरिस–फ्रँकफुर्ट, फ्रँकफुर्ट–लुसर्न, लुसर्न–मिलान आणि मिलान–रोम असा आहे. फ्रँकफुर्टला यजमानांचे जुने सहकारी राहतात, त्यामुळे ते गाव वगळता येत नाही. युरोपातील अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा, एका महिन्यात सात प्रवासदिवस देणारा यूरेल ग्लोबल पास घ्यावा असे ठरत आले आहे. टप्पे सात आणि दिवसही सात, असा हिशेब जुळल्यामुळे आम्ही खुशीत होतो.

मात्र तिकडच्या बातम्या वाचू लागल्यापासून मन धास्तावले आहे. कोठे रुळांच्या दुरुस्तीसाठी महिनोन्महिने मार्ग बंद, कोठे संप, कोठे बोगद्यात अपघात. आपल्याकडे पावसाळी वेळापत्रक लागले की कोणती गाडी किती वाजता थिवीला येईल, हे पाठ असलेला माणूसही गोंधळतो. पण येथे निदान भाषा आपली असते आणि अगदीच अडले तर आपली सरकारी कदंबा बस असते. परक्या मुलुखात सासूबाईंचे दुखरे गुडघे आणि तीन बॅगा घेऊन फलाटावर उभे राहण्याची वेळ आली, तर नेमके काय करायचे?

माझ्या शंका अशा. आरक्षण केलेली गाडी रद्द झाली किंवा आधीच्या गाडीला उशीर झाल्यामुळे चुकली, तर आरक्षणाचे पैसे बुडतात का? त्या दिवशी प्रवास झालाच नाही, तर पासातला एक दिवस वाया जातो का? शिवाय आमचा पॅरिस–फ्रँकफुर्ट टप्पा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतर येणाऱ्या सोमवारी आहे. त्या सोमवारची गाडी एका ठिकाणी दिसते, दुसऱ्या ठिकाणी दिसतच नाही, आणि जेथे दिसते तेथे वेळ आधी पाहिली होती त्याहून वेगळी आहे. हा दोष माझ्या शोधण्याचा आहे की वेळापत्रकाचा? ज्यांनी पासवर प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

दाबोळीपार (वास्को)

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर सोपे आहे. आपल्या शोधण्यात काहीही चूक नाही. युरोपातील बहुतेक सर्व रेल्वे कंपन्या आपले वार्षिक वेळापत्रक एकाच रात्री बदलतात आणि ती रात्र म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारची मध्यरात्र. जूनमध्ये आणखी एक लहानसा बदल होतो, पण मोठी उलथापालथ डिसेंबरातच असते. नव्या वर्षाच्या गाड्यांची माहिती प्रत्येक देश आपापल्या सवडीने खुली करतो. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात शोध घेणाऱ्याला शनिवारपर्यंतच्या गाड्या स्वच्छ दिसतात आणि रविवारपासून पुढे धुके असते. हा बदल मिनिटांपुरताच असेल असे समजू नये. पॅरिस–व्हिएन्ना ही रात्रीची गाडी १४ डिसेंबर २०२५ च्या बदलाबरोबर बंदच झाली. आदल्या वर्षीच्या कोणाच्या प्रवासवर्णनावर विसंबून ज्यांनी बेत केले असतील, त्यांना ती गाडी शोधूनही सापडली नसेल. म्हणून त्या सोमवारनंतरचे सर्व टप्पे नवे वेळापत्रक खुले झाल्यावर पुन्हा एकदा तपासावेत आणि तोवर तेथील हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्यावीत.

आता मुख्य गोष्ट. पास आणि आरक्षण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मनात पक्के झाले की निम्मी काळजी मिटते. पास म्हणजे त्या दिवशी गाडीत बसण्याचा हक्क. तो कोणत्याही एका गाडीला बांधलेला नसतो. मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत आपण कितीही गाड्या बदलू शकता. सकाळची गाडी रद्द झाली आणि दुपारची घेतली, तर पासाला त्याचे काहीच वाटत नाही. दिवस तोच एक मोजला जातो. आरक्षण मात्र एका तारखेच्या एका गाडीतल्या एका आसनाचे असते. गाडी चुकली की बिनसते ते आरक्षणाचे.

त्यामुळे आपल्या सात टप्प्यांकडे या नजरेने पाहावे. स्पेनमधील वेगवान गाड्या, फ्रान्समधील वेगवान टीजीव्ही, पॅरिस–फ्रँकफुर्ट, स्वित्झर्लंडहून इटलीत जाणारी युरोसिटी आणि इटलीतील वेगवान फ्रेच्चारोस्सा यांना पासधारकालाही आरक्षण सक्तीचे आहे. जर्मनीच्या आतल्या बहुतेक गाड्या आणि स्वित्झर्लंडच्या आतल्या जवळजवळ सर्व गाड्या यांना ते लागत नाही. म्हणजे फ्रँकफुर्ट–बाझल–लुसर्न हा टप्पा आपण कोणत्याही गाडीने करू शकता, आणि गंमत अशी की सर्वांत जास्त उशीर होण्याची शक्यताही याच टप्प्यात आहे. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि तेथे ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांहून कमी उशीर. फ्रँकफुर्ट ते मानहाइम हा अत्यंत गजबजलेला मार्ग त्याच वर्षी १५ जुलैपासून १४ डिसेंबरपर्यंत पूर्ण बंद ठेवून नव्याने बांधून काढला. देशभरातील इतर मुख्य मार्गांचीही अशीच पाळी येत आहे. फार उशिरा आलेल्या जर्मन गाड्या स्विस लोक पुष्कळदा आपल्या हद्दीत पुढे सोडतच नाहीत. प्रवाशांना सीमेवरच्या बाझलला उतरवतात आणि वेळेवर सुटणाऱ्या स्विस गाडीत बसवतात. हे ऐकायला कठोर वाटते, पण एकाची दिरंगाई सगळ्या देशात पसरू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे, आणि बाझलहून लुसर्नकडे वारंवार गाड्या असल्यामुळे पासधारकाचे त्यात फारसे बिघडत नाही.

माझा स्वतःचा अनुभव याच पट्ट्यातला आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या आमच्या गाडीला दीड तास उशीर झाला, फलाट दोनदा बदलला आणि शेवटी ती बाझलला संपली. ज्यांच्याकडे त्याच गाडीचे स्वस्त तिकीट होते, ते मदतकक्षासमोर रांगेत उभे राहिले; आम्ही समोरच्या फलाटावरच्या गाडीत जाऊन बसलो. मात्र त्याच प्रवासात पुढे मिलानकडे जाताना मी जोडगाडीसाठी अवघी बारा मिनिटे ठेवली होती. ती गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि तिघांचे आरक्षण फुकट गेले. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की आरक्षणाच्या गाडीआधी निदान तासाभराची मोकळीक ठेवायची आणि दिवसातली शेवटची गाडी कधीही धरायची नाही. वेळापत्रकाची ॲप्स सहा-सात मिनिटांतही गाडी बदलता येईल असे खुशाल दाखवतात. सासूबाईंचे गुडघे त्या हिशेबात धरलेले नसतात.

पैशांबाबत सांगायचे, तर रेल्वेनेच गाडी रद्द केली असेल तर आरक्षण शुल्क परत मिळते, पण ते जेथून आरक्षण काढले तेथूनच मागावे लागते. आपल्याकडून गाडी चुकली, तर बहुतेक वेळा पैसे गेले असे समजावे. आधीच्या गाडीच्या उशिरामुळे चुकली, तर स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडे जाऊन पास, आरक्षण आणि उशिराचा पुरावा दाखवावा. पुष्कळदा पुढच्या गाडीत बसण्याची लेखी परवानगी मिळते. मात्र ती न मागता पुढच्या सक्तीच्या आरक्षणाच्या गाडीत चढू नये.

पासाचा दिवस वाया जाण्याबद्दल एक खबरदारी घ्यावी. मोबाइलवरच्या पासात तो प्रवास गाडीत चढण्यापूर्वी नोंदवणे आवश्यक असते, पण म्हणून तो आदल्या रात्रीपासूनच नोंदवून ठेवण्याची घाई करू नये. फलाटावर गाडी सुटणार याची खात्री झाली की नोंदवावा. त्या दिवशी पासावर प्रवास नोंदवलाच नाही, तर तो दिवस आपल्या खात्यात शिल्लक राहतो.

आणि हो, सात टप्प्यांना सात दिवस हा हिशेब नेटका नसून धोक्याचा आहे. एखाद्या टप्प्यात मध्येच अडकून मुक्काम करावा लागला की तो टप्पा दोन दिवस खातो आणि रोमचे तिकीट वेगळे काढावे लागते. एक तर पुढचा, म्हणजे दोन महिन्यांत दहा दिवसांचा पास घ्यावा, नाही तर एक टप्पा पासाबाहेर काढावा.

थिवीचा पासवाला

वर दाबोळीपार यांनी सर्व सांगितलेच आहे. मी मासिक पासवर गाडीने ये-जा करणारा माणूस आहे आणि युरोपात एकदाच गेलो आहे, म्हणून दोनच गोष्टी जोडतो.

जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले तेव्हा आम्हा रोजच्या प्रवाशांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्यांनी फक्त आपल्याच गाडीची चौकशी केली ते बसून राहिले, आणि ज्यांनी ‘मार्ग कोठे तुटला आहे’ हे विचारले ते तासाभरात रस्त्याने पुढे गेले. कोकणच्या गाड्या तेव्हा लोंढा–मिरज–पुणे अशा भलत्याच वाटेने वळवल्या होत्या. आपली गाडी ‘येणार आहे’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी होते. तिकडेही नेमके असेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्सच्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि पॅरिस–मिलान थेट गाड्या ३१ मार्च २०२५ पर्यंत बंद राहिल्या. त्याच महिन्यात १० तारखेला स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बोगद्यात मालगाडी घसरली आणि तो ५७ किलोमीटरचा बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. आपला लुसर्न–मिलान टप्पा याच बोगद्यातून जातो. त्या वर्षभरात प्रवासी गाड्या डोंगरावरच्या जुन्या वाटेने तासभर अधिक घेऊन जात होत्या आणि ज्यांना घाई नव्हती ते वळणावळणांचा देखावा पाहून खूश होते, असे ऐकले. तेव्हा गाडीचे नाव नव्हे, नकाशा डोक्यात ठेवावा.

दुसरी गोष्ट यूरेल पासाच्या रेल प्लॅनर या ॲपबद्दल. त्यातले वेळापत्रक नियोजित असते. आज, आता, या क्षणी कोणती गाडी किती उशिरा आहे हे त्यावरून ठरवू नये. त्यासाठी जर्मन रेल्वेचे डीबी नॅव्हिगेटर आणि स्वित्झर्लंडमध्ये तेथील रेल्वेचे, म्हणजे एसबीबीचे ॲप ठेवावे. डीबीच्या ॲपमध्ये शेजारच्या देशांतील बऱ्याच गाड्याही दिसतात. पास मोबाइलवर असला, तरी दर काही दिवसांनी तो इंटरनेटशी जोडावा लागतो. म्हणून केवळ हॉटेलच्या वायफायवर विसंबू नये. तिघांचे पास एकाच फोनवर ठेवले असतील, तर तो फोन ज्याच्या खिशात आहे त्याने डबा बदलून खिडकी शोधायला जाऊ नये. हे अनुभवाने सांगतो, कारण टीसी नेमका तेव्हाच येतो.

आपल्या बँकेचे कार्ड वापरून ऐनवेळी आरक्षण काढायचे झाले तर ओटीपी येथल्या नंबरवर येतो. ते सिम रोमिंगवर चालू ठेवले नाही, तर पैसे असूनही आरक्षण मिळत नाही.

मडगावचा हिशेबनीस

मला येथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. पासाच्या लवचिकतेचे कौतुक योग्यच आहे, पण ताईंच्या मार्गावर ती लवचिकता फारशी उरतच नाही. सातपैकी पाच-सहा टप्प्यांना सक्तीचे आरक्षण आहे. मिलान–रोमला माणशी साधारण १३ युरो, फ्रान्सच्या अंतर्गत टीजीव्हीला १० किंवा २० आणि काही आंतरराष्ट्रीय गाड्यांना त्याहून बरेच अधिक. शिवाय फ्रान्समध्ये पासधारकांसाठी आसनांचा वेगळा, मर्यादित कोटा असतो. गाडीत जागा असूनही ‘पाससाठी जागा नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि नाताळाच्या सुमारास तर येतेच. स्पेनमध्ये विगो आणि इर्यो, इटलीत इतालो या खासगी कंपन्यांच्या गाड्या पासात मोडत नाहीत. म्हणजे सरकारी कंपनीची गाडी रद्द झाली आणि शेजारच्या फलाटावर खासगी गाडी उभी असली, तरी आपला पास तेथे कागदाचा कपटा ठरतो. याउलट बार्सिलोना–पॅरिस किंवा माद्रिद–बार्सिलोना हे टप्पे दोन-तीन महिने आधी घेतल्यास स्वस्तात मिळतात. ताईंनी कागद-पेन्सिल घेऊन दोन्ही बेरजा कराव्यात. बेरीज करताना सासूबाईंच्या पासावर ज्येष्ठांची दहा टक्के सवलत धरावी. ती ६० वर्षांपासून पुढे मिळते.

आता हक्कांविषयी, कारण यावर लोक अंदाजाने बोलतात. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा सुधारित नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. साध्या तिकिटावर शेवटच्या ठिकाणी पोहोचायला ६० ते ११९ मिनिटे उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के भरपाई मिळते. अभूतपूर्व हवामानासारख्या कारणांना कंपनीला सूट आहे, पण रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप त्या सवलतीत बसत नाही. मात्र भरपाई मिळो वा न मिळो, तासाभराहून अधिक उशीर झाला तर खाणेपिणे आणि रात्र काढावी लागली तर निवारा देण्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. अपवादात्मक परिस्थितीत हा निवारा तीन रात्रींपुरता मर्यादित ठेवता येतो. तो मागितल्याशिवाय बहुधा कोणी आपण होऊन देत नाही. आणखी एक कलम कामाचे आहे: गाडी रद्द झाल्यावर किंवा जोडगाडी चुकल्यावर १०० मिनिटांत कंपनीने पुढच्या प्रवासाचे पर्याय सांगितले नाहीत, तर प्रवासी स्वतः दुसऱ्या रेल्वेचे किंवा बसचे तिकीट काढून वाजवी खर्च मागू शकतो.

पासधारकांनी भरपाईचा अर्ज संबंधित देशाच्या रेल्वेकडे न करता यूरेलकडेच करायचा असतो आणि तो तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. रक्कम पासाच्या एका दिवसाच्या किमतीवरून निघते, त्यामुळे ती फार मोठी नसते; त्यासाठी सुट्टीतली संध्याकाळ घालवू नये, घरी येऊन अर्ज करावा. मात्र पुरावा तेव्हाच गोळा करावा लागतो. उशीर दाखवणाऱ्या फलकाचे छायाचित्र, ॲपवरची नोंद आणि शक्य असल्यास कर्मचाऱ्याकडून उशिराचा दाखला घ्यावा. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की पास आणि त्यावरची चार वेगवेगळी आरक्षणे हे एक सलग तिकीट नव्हे. एका देशाच्या गाडीने उशीर केल्यामुळे दुसऱ्या देशाची गाडी चुकली, तर दुसऱ्या कंपनीने आपल्याला बसवून घेणे हा बहुधा सौजन्याचा भाग असतो. सलग एकाच तिकिटावर तो हक्क असतो. पासापेक्षा तिकीट बरे असे मी म्हणतो, त्याचे हे खरे कारण आहे. स्वस्ताई नंतर येते.

दाबोळीपार (वास्को)

हिशेबनीस यांचा सलग तिकिटाचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु ते स्वस्त म्हणतात ती तिकिटे एकाच गाडीची असतात आणि सासूबाईंना एके दिवशी बरे वाटले नाही म्हणून प्रवास उद्यावर ढकलायचा झाला, तर ती बदलण्याचा खर्च मूळ तिकिटाएवढा होऊ शकतो. पासधारकाचे अशा वेळी फक्त आरक्षण जाते. अडथळा नेहमी रेल्वेकडूनच येतो असे नाही. माणूस कसा आहे, कोणाबरोबर आहे, यावर हे ठरवावे. मी तरी वयस्कर माणसाबरोबर पासच घेईन.

संपाचे राहून गेले. इटलीत रेल्वेचा संप निदान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो आणि तेथील वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याची यादी असते; ‘शोपेरो’ हा शब्द तेवढा ओळखू आला पाहिजे. कामाच्या दिवशी संप असला, तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्या धावाव्यात असे बंधन आहे. लांब पल्ल्याच्या, खात्रीने सुटणाऱ्या गाड्यांची यादीही वेगळी प्रसिद्ध होते. फ्रान्समध्ये कोणता कर्मचारी संपावर जाणार, हे ४८ तास आधी कळवावे लागते, त्यामुळे बदललेले वेळापत्रक आदल्या संध्याकाळी हाती येते. म्हणजे दोन्ही देशांत संप अचानक अंगावर येत नाही. रोमच्या विमानाआधी मात्र रोममध्ये दोन रात्री ठेवाव्यात. विमान रेल्वेची वाट पाहत नाही.

आणि गुडघ्यांसाठी: स्थानकावर चाकाची खुर्ची किंवा चढण्या-उतरण्यास मदत हवी असेल, तर युरोपीय संघात २४ तास आधी कळवून ती विनामूल्य मिळते. गाडी बदलली, तर ही मदतही नव्याने कळवावी लागते, हे विसरू नये.

तेजूकाठचा गोंयकार (लिस्बन)

मूळचा डिचोलीचा, आता येथे राहतो, म्हणून पहिल्या टप्प्यापुरते लिहितो. लिस्बन–माद्रिद थेट गाडी असेल असे आपण गृहीत धरले आहे असे वाटते. ती नाही. माद्रिदला जाणारी आणि फ्रान्सच्या सीमेला जाणारी, अशा दोन्ही रात्रीच्या गाड्या मार्च २०२० मध्ये थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या नाहीत. आता पोर्तुगालमधील एन्त्रोंकामेंतु आणि सीमेलगतचे स्पेनमधील बदाखोस येथे गाड्या बदलत जावे लागते. एन्त्रोंकामेंतु–बदाखोस या पट्ट्यात दिवसभरात इतक्या कमी गाड्या आहेत, की एक चुकली तर दुसरा दिवसच उजाडतो. त्यात पोर्तुगालचे घड्याळ स्पेनहून एक तास मागे असते. बदाखोसला पाऊण तास हाती आहे असे समजून कॉफी घेत बसणाऱ्यांची गाडी येथेच जाते. हाच टप्पा पासाबाहेर काढावा आणि विमानाने किंवा बसने करावा. तसे केले, की आपल्या सात दिवसांत एक दिवस आपोआप मोकळा होतो.

२८ एप्रिल २०२५ रोजी जवळजवळ सबंध स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज एकदम गेली तेव्हा मी येथेच होतो. स्पेनमध्ये तर चालत्या गाड्या रानात थांबल्या आणि हजारो प्रवासी तासन्‌तास अडकले. मोबाइलही हळूहळू बंद पडले. त्या दिवशी कोणतेही ॲप कोणाच्या उपयोगी पडले नाही; उपयोगी पडले ते खिशातले रोख युरो आणि बॅगेतले पाणी. असे रोज घडत नाही, पण आरक्षणांची छापील प्रत, पुढच्या हॉटेलचा पत्ता कागदावर आणि थोडी रोकड जवळ असू द्यावी.

आतेभाऊ आपल्याबरोबर निघणार असेल, तर त्याला यूरेल नव्हे, इंटररेल पास घ्यावा लागेल, कारण तो येथील रहिवासी आहे. स्वतःच्या राहत्या देशात त्याला त्या पासावर बाहेर पडण्याचा एक आणि परत येण्याचा एक एवढाच प्रवास करता येतो.

अंत्रुजची लेक (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांना बसवून हे सगळे वाचून दाखवले आणि बेत बराचसा बदलला. लिस्बन–माद्रिद विमानाने जाऊ. माद्रिद–बार्सिलोनाची तिकिटे हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे स्वतंत्रपणे काढू. बेरीज करून पाहिली, खरोखरच स्वस्त पडते. म्हणजे पासासाठी पाच टप्पे उरले आणि दिवस सात, तेव्हा दोन दिवस हाताशी राहतात. रोममध्ये दोनऐवजी तीन रात्री ठेवल्या आहेत. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “चवथीला मुंबईहून येणारा पाहुणा सुद्धा दोन दिवस आधी निघतो, त्यात शिकण्यासारखे काय आहे?”

आता एकच शंका उरली आहे. पॅरिस–फ्रँकफुर्टच्या सोमवारच्या गाडीचे आरक्षण आजही निघत नाही. ते अगदी आठवडाभर आधीपर्यंत मिळाले नाही, किंवा पासधारकांचा कोटा संपला, तर दुसरा मार्ग आहे का? आणि लुसर्न–मिलान युरोसिटी चुकली तर?

दाबोळीपार (वास्को)

दोन्हींना वाट आहे. पॅरिस पूर्व स्थानकावरून स्ट्रासबुर्गला जाणाऱ्या काही प्रादेशिक गाड्या आहेत, त्यांना आरक्षण लागत नाही. टीजीव्हीला दोन तासांहून कमी वेळ लागतो, तेथे या गाड्या जवळजवळ पाच तास घेतात आणि दिवसातून थोड्याच असतात, म्हणून सकाळची धरावी. स्ट्रासबुर्गहून सीमेपलीकडे ऑफेनबुर्गला स्थानिक गाडीने जावे आणि तेथून फ्रँकफुर्टच्या दिशेची जर्मन गाडी पकडावी. दिवस लांबतो, पण पासावर एक पैसाही अधिक पडत नाही. स्ट्रासबुर्गला जेवणासाठी उतरावे लागले तर ती शिक्षा मानू नये.

मिलानची युरोसिटी चुकली, तर लुसर्नहून लुगानोपर्यंत कोणतीही स्विस गाडी घ्यावी. देशाच्या आत तिला आरक्षण लागत नाही. लुगानोहून कियासोमार्गे मिलानला प्रादेशिक गाड्या जातात. बॅगा उचलण्याचे कष्ट एकदा वाढतील, एवढेच. पॅरिसचे आरक्षण नवे वेळापत्रक खुले झाल्याच्या दिवशीच काढून टाकावे आणि गाडीचा क्रमांक प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा पडताळावा. क्रमांक तोच आणि वेळ वेगळी, असे पहिल्या आठवड्यात पुष्कळदा होते.